स्वखुशीने आला आहात का?

"नाही," मी म्हणाले.

चर्चमध्ये लग्नाच्या वेळी नवरीने हा शब्द म्हणायचा नसतो, हे मला नंतर पुष्कळ जणांनी समजावून सांगितलं.

फादरनी विचारलं होतं, "तुम्ही दोघे इथे स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण मनाने लग्न करायला आला आहात का?" माझ्या शेजारी आमचे हे उभे होते. नाव पास्कल, वय शहात्तर, अंगात मुलाच्या लग्नात शिवलेला कोट, आणि कोटाच्या आत हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या. ते लगेच "हो" म्हणाले. मग फादरनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी जे खरं होतं ते सांगितलं.

आमच्या शेजारच्या कांबळेवहिनी मोबाईल उंच धरून उभ्या होत्या. मोबाईलमध्ये आमचा विन्सेंट होता, तो मस्कतला असतो. तो ओरडला, "आई काय बोलली? आवाज नाही आला. परत बोल!"

आता पोटचा मुलगा समुद्रापलीकडून विचारतोय, तर उत्तर द्यायला नको? मी मोबाईलकडे तोंड केलं आणि मोठ्याने सांगितलं, "नाही म्हणाले, नाही!"

माझी नणंद मेरीबाय मटकन बाकावर बसली. आमची नात मेलिसा गाणं म्हणायला तोंड उघडून उभी होती, ते तसंच उघडं राहिलं. फादर (वय असेल तिशीचं, माझ्या डोळ्यांना दहावीतलं पोर!) चष्मा सावरत म्हणाले, "आजी, प्रश्न परत वाचू का?"

"प्रश्न कळला मला. चौथीपर्यंत शिकलेय मी."

तुम्ही म्हणाल, शहात्तर वर्षांच्या माणसाचं हे कसलं लग्न? आणि कोणाशी? तर माझ्याशीच. मी त्यांची बायकोच आहे, पन्नास वर्षांची जुनी. आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं कोलशेतच्या एका कंपनीत होतो. ते फिटर, मी पॅकिंगला. ते ठाण्याचे ख्रिस्ती, मी कळव्याच्या चाळीतली, आमचं मूळ पोलादपूरकडचं. दोन्ही घरांत रडारड झाली, म्हणून आम्ही ठाण्याला कचेरीत जाऊन सह्या केल्या, बाहेर येऊन दोन-दोन पेढे खाल्ले आणि संसाराला लागलो. पुढे वर्तकनगरला घर मिळालं. भिंतीवर येशू, कोनाड्यात माझा गणपती. दोघांचं कधी भांडण झालं नाही. (आमचं व्हायचं, त्यांचं नाही.)

मग या वर्षी यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल. पुढच्या महिन्यातला एक सोमवार ठरला. हे वॉर्डात पडून असताना एक दिवस फादर आले. ख्रिस्ती पेशंटांना ते कम्युनियन देत होते. कम्युनियन म्हणजे पापडासारखी पातळ, पांढरी, छोटी चकती. त्यांच्या श्रद्धेत ती नुसती भाकर नव्हे, प्रत्यक्ष येशूच. फादर यांच्या खाटेपाशी आले, तर हे म्हणाले, "मला चालत नाही, फादर."

मला वाटलं, डायबेटिसमुळे. मी म्हटलं, "द्या हो फादर, एवढ्याशाने काय शुगर वाढत नाही!"

हे भिंतीकडे तोंड करून झोपले. हा माणूस आयुष्यात खायच्या वस्तूला कधी नाही म्हणालेला नाही. मला काही कळेना. तेव्हा मेलिसाने मला बाहेर व्हरांड्यात ओढलं. आईबाप मस्कतला, म्हणून ती लहानपणापासून आमच्याकडे. दर रविवारी चर्चमध्ये पोरांना धर्माचं शिकवते, त्यामुळे तिला सगळे नियम पाठ.

"आजी, तुमचं लग्न चर्चमध्ये नाही झालं ना, म्हणून आजोबांना कम्युनियन घेता येत नाही."

"कधीपासून?"

"तुमचं लग्न झाल्यापासून."

मी तिथल्या बाकड्यावर बसले. दर रविवारी हे न चुकता चर्चला जायचे. नाताळला मीही जायची. सगळे रांग लावून पुढे जात आणि हे आपले मागच्या बाकावर बसून राहत. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील! माणसाने पन्नास वर्षं उपास करावा आणि बायकोला पत्ता नसावा? एकादशीलासुद्धा आदल्या दिवशी सांगतात, साबुदाणा भिजवायला!

"त्यांना ऑपरेशनच्या आधी एकदा तरी घ्यायचंय," मेलिसा म्हणाली. "मला बोलले ते काल."

तुला बोलले. मला नाही. हे मी मनात ठेवलं. माझ्या मनात फार काळ काही राहत नाही, पण हे राहिलं.

हे घरी आल्यावर मेलिसा फादरना घेऊन आली. मी चहा ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मला बाटवणार का?"

फादरना ठसका लागला. "नाही हो आजी! तुम्ही तुमच्या धर्मात राहा. बिशपांची परवानगी घेऊ. फक्त देवासमोर तुम्ही दोघांनी एकमेकांना शब्द द्यायचा. आमच्या श्रद्धेत लग्न म्हणजे नुसता समारंभ नाही. ख्रिस्ताने माणसांसाठी जीव दिला, त्या तोलाचं प्रेम नवरा-बायकोने एकमेकांवर करायचं, आणि ते मरेपर्यंत. देवाने जोडलं ते माणसाला तोडता येत नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांची खारी चहात तुटून पडली होती, आणि ते चमच्याने ती शोधत होते.

"आणि आजी, खरं तर लग्न फादर लावत नाही. नवरा-बायकोच एकमेकांचं लग्न लावतात. फादर चर्चच्या वतीने नुसता साक्षीला."

"मग एवढा मोठा झगा कशाला घालता?"

"आजी!" मेलिसा किंचाळली.

"बरं, मग पन्नास वर्षं आम्ही जे केलं ते काय होतं?"

फादर लाल झाले. "कायद्याने तुम्ही नवरा-बायकोच. पण चर्चच्या दृष्टीने... म्हणजे, हे सगळं होईपर्यंत तुम्ही दोघांनी भावाबहिणीसारखं राहावं, असं... सांगायची पद्धत आहे."

"फादर," मी म्हटलं, "हे सांगायला तुम्ही निदान वीस वर्षं उशिरा आलात."

फादरनी चहा अर्धा ठेवला आणि गेले. पण मेलिसाने ते शब्दशः घेतलं. त्याच दिवशी माझी उशी तिच्या खोलीत गेली. मला काय, बरंच झालं! पन्नास वर्षांनी पहिल्यांदा घोरण्याशिवाय झोप मिळाली. हे मात्र सकाळी उठून दाराशी उभे. "इंदू, माझं पांघरूण कुठेय?" मेलिसा कमरेवर हात ठेवून मध्ये. "आजोबा, बाहेरूनच बोला!" कांबळेवहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी जिन्यातूनच विचारलं, "काय मावशी, यंदा राखी बांधायची ना भाऊरायाला?"

पुढचं संकट म्हणजे वर्ग. ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी मुलामुलींना वर्ग असतो, लग्न म्हणजे काय ते शिकवायला. फादर म्हणाले होते, तुम्हाला गरज नाही. पण मेलिसा म्हणाली, "रूल म्हणजे रूल!" आणि आमची नावं देऊन आली. गेलो. हॉलमध्ये सगळी पंचविशीतली पोरं, एकमेकांना चिकटून बसलेली. आम्ही आत शिरलो तर एक पोरगा उठून म्हणाला, "अंकल, पेरेंट्सचं मीटिंग नेक्स्ट संडेला आहे."

"आम्ही नवरानवरी आहोत," हे म्हणाले. छाती काढून म्हणाले! मी त्यांना खाली ओढलं.

फादरनी एकेका जोडीला विचारलं, भांडण झालं तर काय कराल? एक म्हणाली, आम्ही शांतपणे बसून बोलू. दुसरा म्हणाला, आम्ही एकत्र प्रार्थना करू. माझी पाळी आली.

"मी त्यांच्या बाजूचा पंखा बंद करते."

"मग अंकल काय करतात?" मागून एका मुलीने विचारलं.

"उठून लावतात. मी परत बंद करते. असं दोन-चारदा झालं की दमतात. मग बोलतात."

सगळा हॉल हसला. फादर म्हणाले, "हाही एक संवादच आहे." आणि त्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्या पोराने वर पंख्याकडे नजर टाकली.

पण त्या वर्गात फादर एक गोष्ट बोलले, ती मला फार पटली. म्हणाले, "लग्न तुमच्या 'हो'ने होतं. फुलांनी नाही, जेवणाने नाही. आणि तो 'हो' मोकळ्या मनाचा हवा. आईबापांच्या धाकाने, लोकलाजेने, कोणाला वाईट वाटेल म्हणून 'हो' म्हणालात, तर तो 'हो' नाहीच. ते लग्नच होत नाही. देवासमोर खोटं चालत नाही."

मी आयुष्यात असं कधी ऐकलं नव्हतं. आमच्या चाळीत पोरींना कोण विचारतं? माझ्या थोरल्या बहिणीला अंतरपाट दूर झाल्यावर कळलं, नवरा कोणता ते! (तिला नवऱ्याशेजारी उभा राहिलेला त्याचा भाऊ आवडला होता.) मी घरी येताना यांना म्हटलं, "तुमच्या लोकांचं हे एक मला आवडलं. निदान विचारतात तरी."

हे रिक्षाला हात करायला पुढे गेले. माझं बोलणं का टाळलं, ते तेव्हा कळलं नाही.

शनिवार उजाडला. शनिवारी लग्न, रविवारी कम्युनियन, सोमवारी ऑपरेशन, असा बेत होता. मेरीबाय डोंबिवलीहून सकाळीच आलेली. मी हिरवी साडी काढली, तर ती म्हणाली, "अगो वयनी, चर्चात कसली हिरवी? ही क्रीम नेस." मी म्हटलं, क्रीम रंगात मी बर्फीसारखी दिसते. ती म्हणाली, "दिसशील तर दिस, पण नेस!" नेसले. मेलिसा म्हणाली, "आजी, प्लीज, आज काही वाद नको. आजोबांचं हार्ट बघ." कांबळेवहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या ना मावशी, म्हाताऱ्याचं मन राखा." (त्या आणि मेरीबाय साक्षीदार होत्या. त्यांच्या पर्समध्ये आम्हा दोघांच्या गोळ्या.)

मी पोहे खाताना यांना एकच विचारलं, "अहो, इतकी वर्षं तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"आता कशाला ते? रिक्षा येईल."

रिक्षात परत विचारलं. तर हे म्हणाले, "इंदू, आज जरा गप्प बस हां."

बसले. घोडबंदर रोडच्या सगळ्या सिग्नलना मी गप्प बसले. चर्चच्या पायऱ्या चढताना गप्प, आत गप्प, फादरचं प्रवचन होईपर्यंत गप्प. आणि मग फादरनी माझ्याकडे बघून विचारलं, कोणाच्याही दबावाशिवाय आला आहात का?

मला सांगा, काय उत्तर द्यायचं?

तर माझ्या दुसऱ्या "नाही"नंतर फादरनी मला चर्चच्या मागच्या खोलीत नेलं. तिथे त्यांचे झगे आणि मेणबत्त्या ठेवतात. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि हळूच विचारलं, "आजी, तुम्हाला कोणी धमकावलं का?"

"हो."

"कोणी?"

"सगळ्यांनी! नणंदेने साडीवरून, नातीने हार्टवरून, शेजारणीने म्हाताऱ्याच्या मनावरून, आणि यांनी तर सरळ गप्प बस म्हणून सांगितलं. तुम्हीच शिकवलंत ना, खोटं चालत नाही?"

मला वाटलं, आता हसतील आणि म्हणतील, चला आजी, पुरे झालं. पण ते पोर गंभीर झालं. "असं असेल तर मी हे लग्न पुढे नेऊ शकत नाही."

"आणि त्यांचं कम्युनियन?"

"लग्नाशिवाय नाही देता येणार."

"अहो, सोमवारी त्यांची छाती फाडणार आहेत!"

"मला माहीत आहे आजी. पण त्यासाठी तुम्ही मन मारून 'हो' म्हणालात, तर ते मला चालणार नाही. देवाला तर नाहीच."

मी आयुष्यभर सगळ्यांना सडेतोड बोलत आले, पण समोरचा माणूस ऐकून घेतो आणि नंतर त्याला हवं तेच करतो, याचीच मला सवय. हा पहिला निघाला ज्याने माझा शब्द खरा धरला! आणि बाहेर ते कोट घालून उभे होते, एकटे.

"त्यांना आत बोलवा," मी म्हटलं.

हे आले. दार पुरतं लागलं नाही. फटीत खाली मेरीबायचं डोकं, वर मेलिसाचं, त्याच्यावर कांबळेवहिनींचं, आणि सगळ्यांच्या वर मोबाईलमध्ये विन्सेंट.

"इंदू," हे म्हणाले, "नको असेल तर राहू दे. घरी जाऊ. जाताना बोंबील घेऊ."

"बोंबील गेले खड्ड्यात! पन्नास वर्षांत एकदा म्हणाला असतात, 'इंदू, चल, चर्चमध्येही लग्न करू,' तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

हे बुटांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईने शब्द घेतलेला माझ्याकडून. तुळशीवर हात ठेवायला लावून. माझ्या पोरीला तुझ्या देवाच्या दारात ओढायचं नाही, म्हणून."

हे मला ठाऊकच नव्हतं. आई बोलली नाही, हेही बोलले नाहीत.

"ओढायचं नाही म्हणाली ती. विचारायचं नाही असं कुठे म्हणाली?"

"मी विचारलं असतं तर तू माझ्यासाठी आली असतीस. ते ओढल्यासारखंच झालं असतं."

"अहो, आई जाऊन तीस वर्षं झाली!"

"शब्द होता ना पण."

ज्या माणसाला बाजारात पाठवलं की कोथिंबीर विसरून येतो, त्याने हे मात्र लक्षात ठेवलं होतं. मेरीबाय अजून सांगते, वयनीची वाचा गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. फादर आमच्याकडे पाठ करून मेणबत्त्या सरळ करायला लागले. त्या सरळच होत्या.

"बरं," मी म्हटलं, "मग आता विचारा."

"काय?"

"लग्नाचं! कचेरीत गेलो तेव्हाही तुम्ही कुठे विचारलं होतं? कंपनीच्या गेटवर मीच विचारलं. मामाने पेणचं स्थळ आणलंय, तुमचं काय ते आज सांगा, म्हणून. तुम्ही नुसती मान हलवलीत!"

"अगो बाय!" दाराच्या फटीतून मेरीबाय. "वयनीने विचारलेलं?"

"काय? आईने?" वरून विन्सेंट. "पप्पा तर म्हणालेले, मी गुडघ्यावर बसलेलो!"

यांनी कोटाचं बटण लावायला घेतलं. ते लागेना, तसंच सोडलं. खाकरले. आणि मग त्या झग्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या मधोमध, नवी कवळी सांभाळत म्हणाले, "इंदू, माझ्याशी लग्न करतेस का? कोणाची जबरदस्ती नाही. मी पण गप्प बस म्हणायला नको होतं."

मला हे असं कोणी विचारेल, असं या जन्मी वाटलं नव्हतं. अशी वेळ परत येणार नाही, म्हणून मी म्हटलं, "विचार करून सांगते."

"आजी!" फादर गर्रकन वळले. "साडेअकराला दुसरं लग्न आहे! त्यांचा बँडसुद्धा आलाय!"

"बरं. करते."

परत बाहेर जाऊन उभे राहिलो. फादरनी परत तोच प्रश्न विचारला. या वेळी कोणाला शंका राहू नये, म्हणून मी असा "हो!" ठोकला की बाहेर उभ्या बँडवाल्यांना वाटलं, आपलीच खूण. त्यांनी ढोल-ट्रम्पेट सुरू केले! दोघं धावत गेले, तेव्हा बंद झाले. या गडबडीत फादर पुरते गांगरले. म्हाताऱ्यांच्या लग्नात जो प्रश्न गाळायचा असतो, तोही त्यांनी सवयीने वाचून टाकला. देव तुम्हाला जी मुलं देईल, त्यांचा प्रेमाने स्वीकार कराल का?

आणि हे, मी परत "नाही" म्हणेन या धास्तीने, माझ्या आधी घाईघाईने "हो! हो!" म्हणून मोकळे!

"अहो, प्रश्न ऐकून तरी उत्तर द्या!" मी म्हटलं. फादरचे कान लाल झाले. कांबळेवहिनी इतक्या हसल्या की मोबाईल खाली पडला. खालून आवाज आला, "काय झालं? परत बोला कोणी तरी!"

"अरे, तुला भाऊ होणार म्हणतात!" कांबळेवहिनी ओरडल्या.

मग शब्द दिले. सुखात, दुःखात, आजारात, मरेपर्यंत. विशीतली पोरं हे म्हणतात तेव्हा छान वाटतं ऐकायला. आम्ही म्हणालो तेव्हा बोलायला जरा जड गेलं, इतकंच.

संध्याकाळी हे पापांची कबुली द्यायला फादरकडे गेले. पन्नास वर्षांची साठलेली! मी बाहेर बाकावर बसून राहिले. एक बाई आली, वाट बघून गेली. दुसरी आली, तीही गेली. शेवटी हे बाहेर आले, तेव्हा मी विचारलं, "माझं काय काय सांगितलंत?"

"ते सांगायचं नसतं, इंदू."

"म्हणजे सांगितलंत!"

रविवारी हे पुढच्या बाकावर बसले. रांग लागली तसे उठले. मी जागेवरच बसले, मला ते घ्यायचं नसतं. रांग मुंगीसारखी सरकत होती आणि हे दर पावलाला मागे वळून मला बघत होते, मी पळून जाईन की काय! फादरनी ती पांढरी चकती त्यांच्या जिभेवर ठेवली. हे परत आले, बसले, डोळे मिटले. त्यांची दाढी नीट झाली नव्हती, हनुवटीखाली चार केस राहिले होते. मी त्या केसांकडेच बघत राहिले. तोंडाकडे बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात यांना आत न्यायच्या आधी एक नर्स आली. केरळची असेल, पण मराठी छान बोलत होती. माझं मन रमवायला म्हणाली, "आजी, लग्नाला किती वर्षं झाली?"

"परवाच झालं."

तिने स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आणि आधीचे मिस्टर?"

"हेच."

ती गेली. थोड्या वेळाने आणखी दोघी आल्या, मग वॉर्डबॉय आला, मग एक तरुण डॉक्टरीण आली आणि काही कारण नसताना माझी नाडी बघून गेली. वॉर्डातल्या सगळ्यांनी नवी नवरी बघून घेतली. एका बाईने तर बिस्किटाचा पुडा आहेर केला. हे आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "इंदू, तुझ्यामुळे मला हसू येतंय. डॉक्टर म्हणालेत, हसायचं नाही."

"मग गप्प बसा," मी म्हटलं. त्यांना आत नेलं. दार बंद झालं, आणि मग मला कोणी काही विचारलं नाही ते बरं झालं. उत्तर देता आलं नसतं.

ऑपरेशन झालं. हे जगले. माझी उशी परत तिच्या जागेवर आली आणि घोरणंही आलं. मेरीबायचं ब्लडप्रेशर वाचलं, कांबळेवहिनींचा मोबाईल वाचला, फादरसुद्धा शाबूत आहेत, पुढच्या वर्गाला त्यांनी मला बोलवायचं टाळलं तेवढंच. त्या शनिवारातून सगळे सुखरूप बाहेर आले. माझं तोंडही तसंच सुखरूप आहे. त्याबद्दल मात्र आमच्या घरात, दोन्हींपैकी कुठल्याच देवाचे, कोणी अजून आभार मानलेले नाहीत.